बोट शब्दावर ठेवून

मार्च सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सूचना लागते. मुलांच्या परीक्षा आहेत, टीव्हीचा आवाज कमी ठेवावा, ड्रिलिंगची कामं परीक्षा संपल्यावर काढावीत. मग सगळी इमारत दबक्या पावलांनी चालू लागते. एरवी सकाळी सकाळी जिन्यापर्यंत ऐकू येतील अशी भजनं लावणारे चौथ्या मजल्यावरचे काका इयरफोन घालून बसतात. दहावी एकाच्या घरात असते, पण ती सगळ्यांच्याच घरात असल्यासारखे सगळे वागतात. मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू? पण दरवर्षी ती सूचना वाचताना माझं डोकंही तापतं. कारण इथून चालत जाण्याच्या अंतरावर, मरोळच्या बाजूला, पालिकेची एक मराठी शाळा आहे आणि तिच्यासाठी कुणी कधी काहीच बंद ठेवलेलं नाही. समोर पत्रे कापतात, फाटकाशी भाजीवाल्याचा स्पीकर ओरडतो, आणि डोक्यावरून विमानं जातात.

लोकांना मार्च म्हटलं की परीक्षेची धास्ती आठवते. मला वास आठवतात. शाळेच्या जिन्यात अडकून राहिलेला खिचडीचा वास, हळद जरा जास्तच पडलेली. नुकत्याच पुसलेल्या फरशीचं फिनेल. औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा छापखान्यातून येणारा शाईचा वास. उन्हानं तापलेल्या वेण्यांचं खोबरेल तेल. आरेच्या जंगलाच्या बाजूनं येणारी मुलं काटेसावरीची जाड लाल फुलं खिशात कोंबून आणतात आणि माझ्या टेबलावर रचून ठेवतात. मी ती घरी न्यायला विसरले तर दुसऱ्या दिवशी मला जाब विचारतात.

मी तिथली शिक्षिका नाही. विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडली, आणि घरात बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा बाहेर काहीतरी करावं म्हणून आठवड्यातल्या तीन दुपारी शाळेत मुलांचं वाचन घ्यायला जाऊ लागले. माझ्या वयाला मावशी शोभली असती, पण मुलांनी पहिल्या दिवशी ताई म्हटलं आणि मी ते गुपचूप पदरात पाडून घेतलं. ओळखीतले लोक विचारतात, तुम्हाला यातून काय मिळतं? विचारताना चेहरा असा करतात की मी समाधान, आनंद, असं काहीतरी गोड बोलावं. मी सांगते, राग मिळतो, आणि या वयात तो तब्येतीला चांगला असतो. त्यावर ते विषय बदलतात.

दया मात्र मला येत नाही. माझे वडील कोकणातून गिरणीत आले, मी पालिकेच्याच शाळेत शिकले, आणि आमच्या वर्गात कुणीही स्वतःला बिचारं समजत नव्हतं. दया घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. एकसारखे टी-शर्ट घालून येतात, एक रोप लावतात, मुलांना हसायला सांगून फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला निघून जातात. ते रोप पुढे मुलंच जगवतात. एकदा एका साहेबी मुलीनं मला हळूच विचारलं होतं, या मुलांना खरंच शिकायचं असतं का? मी म्हटलं, तुझ्या घरी कुणी विचारलं होतं का हे? तिला वाईट वाटलं. वाटू दे.

आम्हाला जी खोली मिळाली ती एके काळची प्रयोगशाळा. बेसिन आहे, नळ नाही. भिंतीवर पचनसंस्थेचा तक्ता आहे, आणि त्यातल्या जठराला कुणीतरी डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्यात. त्या मिशाळ जठराखाली बसून आम्ही वाचतो. सहावी-सातवीतली ही मुलं, ज्यांचं वाचन कुठेतरी मागेच राहून गेलंय. कुणी वर्षाच्या मध्यावर गावाहून आलेलं, कुणाच्या घरची बोली वेगळी, कुणाची दुसरी-तिसरी धाकट्या भावंडाला कडेवर घेण्यात गेलेली. शाळेत त्यांना कच्ची मुलं म्हणतात. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाची शीर उठते. त्यांच्यातली कितीतरी मुलं दोन बस बदलून येतात, घरी जाऊन भात लावतात, पाण्याच्या रांगेत भांडून हंडा भरून आणतात. यांच्यात कच्चं काय आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

शाळा विमानांच्या वाटेखालीच आहे. विमान आलं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. सुरुवातीला मी आवाज चढवायचे, पण विमानाशी ओरडून कोण जिंकणार? मग मुलांनीच एक रीत पाडली. विमान आलं की वाचणाऱ्यानं थांबायचं, पण बोट शब्दावरून उचलायचं नाही. विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे. पाहता पाहता ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली. ज्याला अडखळायची भीती वाटायची, त्याला तेवढ्यात पुढचा शब्द मनातल्या मनात जुळवता येई. एरवी वर्गात कुणी थांबलं की त्याला येत नाही असंच समजतात. आमच्या खोलीत थांबणं हा वाचण्यातलाच भाग होता.

मला हा मोसम आला की ज्या मार्चची आठवण येते, त्या मार्चमध्ये आमच्या खोलीत दर्शना होती. सातवीतली. आरेतल्या एका पाड्यावरून बसनं यायची. अंगानं किरकोळ, आवाज जाडसर, मान कायम ताठ. वाचता येत नाही याची तिला लाज नव्हती, राग होता. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. बाकीची मुलं पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देत, पर्वतच्या जागी परवा म्हणत आणि बिनदिक्कत पुढे जात. दर्शना अंदाज करायची नाही. एकेक अक्षर सुटं करायची, ओठांत जुळवायची, खात्री झाली की मगच बाहेर काढायची. म्हणून ती सगळ्यांत हळू होती. आणि तिचं चुकायचं सगळ्यांत कमी.

तिची आई पवईला, तलावाकाठच्या टॉवरमध्ये घरकाम करायची. तिथल्या एका मॅडमना बाळाकडे बघायला मुलगी हवी होती, एप्रिलपासून, दिवसभरासाठी. आईनं अजून होकार दिला नव्हता. शाळेत काही होणार असेल तर शीक, नाहीतर चल माझ्याबरोबर, असं ती दर्शनाला म्हणाली होती. दर्शनानं मला हे अगदी सरळ आवाजात सांगितलं आणि पुन्हा पुस्तकात बोट ठेवलं. त्या दिवसापासून मला तिच्या प्रत्येक शब्दाची घाई झाली. तिला मात्र नव्हती.

आणि मग शाळेत कुजबुज सुरू झाली की वरून साहेब येणार, वर्गात बसून वाचन तपासणार. अशा वेळी शाळेत काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार येतो, दाराशी रांगोळी येते, एक धडा ठरतो आणि तो सगळ्यांकडून इतक्या वेळा म्हणून घेतात की पुस्तक मिटलं तरी चालावं. पण आणखी एक तयारी असते आणि ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. मागे पडलेल्या मुलांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगतात, उद्या येऊ नकोस. रागावून नाही, उलट पाठीवरून हात फिरवून. काही मुलं खूश होतात, सुट्टी ती सुट्टी. काहींना मात्र कळतं.

त्या दुपारी दर्शना माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ताई, मला बरं नाहीये का?"

मला काही उमगेना. मी तिच्या कपाळाला हात लावला. मग तिनं सांगितलं, की बाईंनी उद्या घरी राहायला सांगितलंय आणि परवा कुणी विचारलं तर बरं नव्हतं म्हणायचंय. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. शब्द अडल्यावर बघायची तसं माझ्याकडे बघत होती. मी तिला पुस्तक काढायला सांगितलं, कारण त्या क्षणी मला तेवढंच जमलं.

तिच्या वर्गशिक्षिका गावडे बाई. त्या वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्या स्वतःच्या डब्यातली पोळी रोज कुणाला ना कुणाला देणाऱ्या, मुलीला मळमळलं तर तिला स्वतः घरी सोडून येणाऱ्या. मी तावातावानं त्यांना जिन्यात गाठलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही दुपारच्या येता नि जाता. साहेब अर्धा तास बसतात आणि शाळेवर शिक्का मारून जातात. मराठी शाळा बंद करायला सगळ्यांना निमित्तच पायजे. बंद झाल्यावर कुठे जाणार तुमची दर्शना?"

बाईंचं खरं होतं आणि आजही आहे. पण खरं आहे म्हणून राग जातो थोडाच? मी म्हटलं, "मुलांना लपवून वाचवलेली शाळा कुणासाठी वाचवायची, बाई?"  बाई हातातला खडूचा डबा सावरत वर्गाकडे गेल्या, आणि मी तिथेच जिन्यात उभी राहिले.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मग साहेबांनाच जाऊन सांग की, एकदाच काय ती शिक्षण खात्याची वाट लाव. त्याची थट्टा होती, पण मी खरंच विचार केला. तक्रार केली असती तर ती फिरून गावडे बाईंच्याच मानेवर बसली असती आणि साहेब मोकळे सुटले असते. ज्या तपासणीपुढे बाईंना आपलीच मुलं लपवावी लागतात, तिला कुणी जाब विचारला नसता. म्हणून मी तक्रारीचा नाद सोडला आणि सरळ मरोळ मरोशी रस्त्यानं आरेत शिरणारी बस पकडली.

त्या रस्त्यावर मार्चमध्ये शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाजत असतात. तबेल्यांपाशी शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास बसमध्ये घुसतो आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत उतरत नाही. मी उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका म्हाताऱ्या बाबांनी न विचारताच बजावलं, की अंधाराच्या आत परत फिरा, बिबट्या हिंडतोय. दर्शनाची आई नळापाशी भांडी घासत होती. नुकतीच पवईहून आली असावी, साडीचा पदर अजून कमरेला खोचलेलाच होता. मी बोलले, ती घासत राहिली. शेवटी हात धुऊन उभी राहिली.

"बाई सांगतात ठेव घरी, तुम्ही सांगता पाठव. आम्ही कुणाचं ऐकायचं, ताई? बाईंनाच ती नको झाली तर मी कुठवर ओढू?"

तिच्या आवाजात चीड नव्हती, ती खरंच विचारत होती. मी काय सांगणार होते? की तुमची मुलगी पुढे मोठी होईल? मला कुठलंच वचन देता येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की ती वाचते, हळू वाचते, पण बरोबर वाचते, आणि हे लपवण्यासारखं नाही. आई म्हणाली, बघते. दर्शना दारात उभी राहून सगळं ऐकत होती. परतीच्या बसमध्ये मी उगाच खिडकीच्या काचेवर डोकं टेकवून बसले. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून आले की काय, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मलाही वर्गात मांडून ठेवलं होतं. शाळेला लोकांचा हातभार कसा मिळतो ते साहेबांना दिसावं म्हणून मुख्याध्यापकांनी मला मागच्या बाकावर बसवलं, रांगोळी आणि सुविचारांच्या जोडीला. माझ्या खोलीतली बहुतेक मुलं गैरहजर होती. प्रार्थना संपता संपता दर्शना आली. वेण्या चापून बसवलेल्या, त्यांना लाल रिबिनी. ती आली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. गावडे बाईंचा चेहरा उतरला. पण तोवर साहेब दारात आले होते.

साहेबही काही राक्षस नव्हते. उकाड्यानं हैराण झालेले, रुमालानं मान पुसत बसले. एका हुशार मुलीनं ठरलेला धडा धडाधड म्हणून दाखवला, साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी पुस्तक घेतलं, भलतंच पान उघडलं आणि हाताशी असलेल्या पहिल्या बाकावर ठेवलं. दर्शना उठून उभी राहिली. तिनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. तिच्या पद्धतीनं. एक शब्द, मग पुढचा. मी तिच्या आवाजाला इतके कान लावले होते की बाहेर पत्रे कापतायत तेही मला ऐकू येईना. 

वाक्याच्या मध्यावर विमान आलं. दर्शना थांबली. बोट शब्दावर, मान ताठ, डोळे पानावर. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि हातानं खूण केली, बस, पुरे. त्यांना वाटलं, अडलं हिचं. तोंडानंही काहीतरी म्हणाले असतील, ते विमानात बुडालं. दर्शना बसली नाही. साहेबांनी पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

मी मागच्या बाकावरून उठत होते, पण माझ्याआधी गावडे बाई फळ्यापासून पुढे आल्या होत्या. त्यांनी पुस्तकाच्या कडेवर हात ठेवला आणि विमानाच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "साहेब, विमान जाऊ दे."

या बाई कधी आमच्या खोलीत येऊन बसल्या नव्हत्या. दारावरून जाता येता त्यांनी ती रीत कधी पाहिली, मला माहीत नाही. साहेब थांबले. सगळा वर्ग थांबला. विमान गेलं आणि दर्शनानं त्याच शब्दापासून पुढे वाचलं, ते वाक्य संपवलं, आणि कुणी थांबवलं नाही म्हणून त्याच्या पुढचंही. साहेब म्हणाले, फार हळू आहे. गावडे बाई म्हणाल्या, हो, हळू आहे, पण वाचते.  जाताना साहेबांनी शाळेला काहीतरी शेरा दिलाच, वाचनाच्या वेगाबद्दल. मुख्याध्यापक बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

वेग! मला अजून कळलेलं नाही, की या पोरांना कुठली गाडी पकडायची असते. आमच्या इमारतीतली मुलं शिकवण्यांच्या मागे धावतात तेव्हा त्यांच्यासाठी सगळे आवाज खाली करतो आपण. आणि जिच्या डोक्यावरून विमानं जातात तिच्यापुढे हातात घड्याळ घेऊन उभे राहतो. हळू वाचणं हा गुन्हा नाही. मागे राहिलेल्याला खोलीबाहेर ठेवून खोली हुशार करणं, हा आहे. हे मी आता कुणालाही तोंडावर सांगते, आणि नको तिथे सांगते म्हणून बदनामही आहे. शाळा अजून उभी आहे. दर मार्चला साहेब यायचे असले की मी आदल्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी जाऊन उभी राहते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला बजावते, उद्या यायचं, तू पण, तू पण. शिपाई हसतो. नवे शिक्षक माझ्याकडे जरा संशयानं बघतात. बघोत बापडे. मी काही तिथून हलत नाही.

त्या तपासणीच्या दिवशी शाळा सुटल्यावर गावडे बाई फाटकात माझी वाट बघत होत्या. पर्स खांद्याला, छत्री उन्हासाठी उघडलेली. तिचं घर मला दाखवा, एवढंच म्हणाल्या. बसमध्ये आम्ही एका सीटवर बसलो. दर्शना पुढच्या सीटवर होती, मागे वळून बघायची आणि पुन्हा पुढे बघायची. पाड्यावर पोचलो तेव्हा आई नुकतीच कामावरून येऊन टेकली होती. वर्गातल्या बाई आपल्या दारात बघून ती घाईघाईनं उठली, आत जाऊन खुर्ची शोधू लागली. बाईंनी तिला थांबवलं. त्या बसल्या नाहीत.

"मीच तिला येऊ नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. पवईला पाठवू नका. शाळेत पाठवा, मला ती हवीय."

 आईनं पदरानं तोंड पुसलं, एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग दर्शनाकडे वळून विचारलं, ऐकलंस ना गं, बाई स्वतः आल्यात घरी? दर्शना रिबिनी सोडत होती. त्या तिनं नीट गुंडाळल्या, दाराच्या खिळ्याला अडकवल्या.

"त्या आल्या नसत्या तरी मी जाणारच होते," ती म्हणाली.